सगळ्यांची एकच छाती

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी एचआरच्या रेवतीचा फोन. डाय प्लांटमधून रिटायर झालेले अशोक गायकवाड, त्यांच्या छातीच्या तपासणीचे जुने रिपोर्ट हवेत. अर्जंट. एचआरला अर्जंट नसलेलं काही मी अजून पाहिलेलं नाही.
मेल अर्काइव्हमध्ये, म्हणजे कंपनीचे सगळे जुने मेल साठवणाऱ्या माझ्या सिस्टीममध्ये, नाव टाकलं, चहा यायच्या आत सगळी वर्षं हजर. आपली फर्स्ट-एडची नर्स तेव्हा दरवर्षी प्रत्येकाला नळीत फुंकायला लावायची आणि मशीनने काढलेला आलेख एचआरला मेल करायची. ती नर्स गेली, ते मशीन गेलं, मेल राहिले. मला उगीच अभिमान वाटला.
रेवतीने आलेख बघितले आणि म्हणाली, "किती स्टेबल आहे गं यांची छाती! वर्षानुवर्षं एक रेघ इकडची तिकडे नाही."

६ नोव्हेंबर, गुरुवार
गायकवाड स्वतः आले. शहाडहून डोंबिवली एमआयडीसीपर्यंत. आमचा मजला पहिलाच, पण जिना चढून आल्यावर बराच वेळ बोलता येईना. मी पाणी दिलं. पाणी प्यायलाही श्वास लागतो हे आज कळलं.
त्यांचं म्हणणं, छाती प्लांटमधल्या रंगाच्या भुकटीने गेली. कंपनीचं म्हणणं, नोकरीत होतात तोपर्यंत ठणठणीत होतात, हे बघा रिपोर्ट, पुढे काय झालं ते तुमचं तुम्ही बघा. आजार कामामुळे झाला असं ठरलं तरच उपचार कंपनीकडे. कल्याणला सुनावणी आहे.
"मॅडम, हे माझे नाहीत. मी फुंकायला गेलेलो तेव्हा मधेच खोकला यायचा. सिस्टर ओरडायच्या, गायकवाड नीट फुंका, परत फुंका. अशी सरळ उतरती रेघ माझी आलीच नाही कधी."
मी म्हणाले, काका, तुमच्या नावाच्या मेलमधूनच काढलेत. ते म्हणाले, "नाव माझं असेल. फुंकलंय दुसऱ्याच कोणी."
वैतागले मी. लोकांचा कॉम्प्युटरवर विश्वास नसतो, असं मनात म्हटलं. म्हटलं खरं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
डोक्यातून जाईना म्हणून दुसऱ्या एका ऑपरेटरचा मेल उघडला. मग तिसऱ्याचा. मग बॉयलरवरच्या एकाचा.
सगळ्यांचा आलेख तोच. तीच रेघ, शेवटी तोच बारीकसा धक्का. डाय प्लांट, बॉयलर, गोडाऊन, सगळे एकाच छातीने श्वास घेत होते.
काय घडलं असणार ते मला लगेच कळलं. आणि कोणामुळे, तेही.

९ नोव्हेंबर, रविवार
नितीन मटार सोलत होता, मी बडबडत होते. त्याला मेल पाठवण्यापलीकडे काही येत नाही, म्हणून त्यालाच सांगायला बरं.
म्हटलं, तुमच्या ऑफिसात कोणीतरी सकाळी गुलाबाचं चित्र अख्ख्या ऑफिसला पाठवतो ना? तो गुलाब प्रत्येकाच्या नावाने साठवला तर डिस्क गुलाबांनीच भरेल. म्हणून अर्काइव्ह एकच गुलाब ठेवतं. बाकीच्यांच्या मेलमध्ये फक्त खूण, की गुलाब अमुक जागी आहे. तुम्ही मेल उघडलात की तिथून आणून दाखवतं. तुम्हाला वाटतं तुमचाच.
"मग दोन गुलाब सारखे आहेत हे कळतं कसं?"
फाइल शेवटच्या टोकापर्यंत वाचून तिचा ठसा काढतात. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. ठसा जुळला तरच एक. आमच्याकडे सही करायला कागद प्रिंट करतात आणि पुन्हा स्कॅन करतात, तो दिसायला तोच, पण ठसा वेगळा, म्हणून वेगळा साठतो. पद्धत चोख आहे. तिच्याबद्दल तक्रार नाही माझी.
पण जुन्या सर्व्हरवरचे मेल नव्या अर्काइव्हमध्ये आणताना दोन पर्याय होते. ठसा काढून तपासणी, किंवा जलद तपासणी. जलदमध्ये फक्त फाइलचं नाव आणि आकार बघतात. दोन्ही जुळलं की एक ठेवा, बाकीच्या टाका.
आणि त्या फुंकायच्या मशीनमधली प्रत्येक फाइल एकाच नावाने निघायची. नर्स ते कधी बदलायची नाही, माणसाचं नाव मेलमध्ये वर लिहायची. मशीन चित्र लहान न करता, कच्चंच सेव्ह करायचं, त्यामुळे आकारही दर वेळी तंतोतंत तोच.
नाव तेच, आकार तोच. एक ठेवला, बाकी टाकले.
नितीनने सोलणं थांबवलं. "जलद कोणी निवडलं?"
प्रधान सरांनी. आमचे आयटीचे साहेब. जुना सर्व्हर महिनाअखेरीला परत द्यायचा होता. मी मीटिंगमध्ये म्हणालेले, सर, ठसा काढूया, वेळ लागला तर लागू दे. "संध्या, परफेक्शन नंतर." सगळे हसले. नंतर जागा किती वाचली म्हणून त्यांचं कौतुक झालं, केक कापला. मीही खाल्ला.
नितीन म्हणाला, तू कशाला पडतेस यात. तेच म्हणणार होता, माहीत होतं. तरी राग आला.

१० नोव्हेंबर, सोमवार
प्र. सरांना दाखवलं. चार जणांचे आलेख एका स्क्रीनवर. बराच वेळ बघत राहिले. क्षणभर वाटलं, माणूस आहे.
मग, "कोणाकोणाला बोललीस?"
कोणाला नाही म्हटलं. नवरा मोजला नाही.
"गुड. हे मेलवर आणू नकोस." अर्काइव्हचा साहेब सांगतोय, मेलवर आणू नकोस. जे येईल ते अर्काइव्ह धरून ठेवतं, मग पुसता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार!
मी विचारलं, गायकवाडांचं काय? "तो लीगलचा विषय आहे. आपण फक्त सिस्टीममधून निघालं ते दिलं." पुढे, अगदी मायेने, "तुझं प्रमोशन माझ्या टेबलावर आहे, माहितीये ना?"
माहितीये. टेबलावरच आहे गेली कित्येक वर्षं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आयात करताना सर्वांत आधी ज्याचा मेल आला त्याचा आलेख राहिला, म्हणून तो शोधला. डिस्पॅचचा भोईर. जन्मात प्लांटच्या आत गेला नाही, गेटजवळच्या केबिनमध्ये बसतो. कबड्डीवाला, अजून खेळतो.
जेवणाच्या सुट्टीत त्याला सांगितलं. आधी खो खो हसला. "म्हणजे माझ्या एका फुंकरीवर अख्खा प्लांट पास?" मग घास तसाच हातात. "मॅडम, आमच्या गावातले दोघंतिघं आहेत डाय प्लांटला. त्यांचेपण गेले?"
हो म्हटलं. डबा बंद करून उठला.
नको होतं का सांगायला? सांगायलाच हवं होतं. दिवसभर हेच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आता खरी गंमत. कंपनीच्या वकिलांना नुसते प्रिंट चालत नाहीत. सिस्टीम जो सांभाळतो त्याने लिहून द्यावं लागतं की ही प्रत संगणकातून जशीच्या तशी काढली, संगणक नीट चालत होता. सिस्टीम मी सांभाळते. कागदावर माझं नाव टाइप होऊन आलेलं.
शब्दन् शब्द खरा आहे त्यातला. जशीच्या तशीच काढली. संगणक नीटच चालतो, जे सांगितलं तेच केलं त्याने. एकही खोटा शब्द न लिहिता एका माणसाला खोटं ठरवायचं. किती साफसुथरं काम.
वकील फोनवर म्हणाले, "फॉर्मॅलिटी आहे मॅडम." सोमवारपर्यंत वेळ मागितला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
अर्धा दिवस शोधाशोध. गायकवाडांचा खरा आलेख कुठे असू शकेल? जुना सर्व्हर परत गेला, जायच्या आधी डिस्क पुसल्या. नियमच तो. आणि पुसण्याचा रिपोर्ट मात्र जपून ठेवलेला, पाच प्रतींत, म्हणजे अर्काइव्हमध्ये एकच! एचआर कागद ठेवत नाही, "मेलवर आहे ना." नर्सला फोन लावला. गोड बोलली, गायकवाड आठवले तिला. "ते खोकायचे हो फार." पण हातात काही नाही. लिहून द्याल का विचारलं तर म्हणाली, मिस्टरांना विचारते. पुन्हा फोन उचलला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सही केली. सहीच्या वर पेनाने लिहिलं: "हाच आलेख इतर सर्व कामगारांच्या मेलमध्येही दिसतो. जुने मेल आणताना फक्त नाव व आकार तपासल्यामुळे बाकीचे आलेख नष्ट झाले. हा आलेख श्री. गायकवाड यांचा आहे असे सांगता येत नाही."
अक्षर वाईट आलं. शूर वगैरे मी नाही.
स्कॅन करून वकिलांना, सरांना आणि एचआरला मेल केला, एक प्रत गायकवाडांनाही पाठवली. घ्या, आला मेलवर.
प्र. सर केबिनमधून बाहेर आले, माझ्याकडे बघितलं नाही, थेट जिन्याकडे.

२४ नोव्हेंबर, सोमवार
कल्याण. सुनावणी. गायकवाड आणि त्यांची बायको, दोघं इस्त्रीचे कपडे घालून. मला बघून दोघं उठून उभे राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
गायकवाडांच्या वकिलाने माझी ओळ वाचून दाखवली. कंपनीच्या वकिलांनी जरा वेळ मागितला, मग म्हणाले, ठीक आहे, आम्ही ते रिपोर्ट मागे घेतो. मला वाटलं, जिंकलो.
मग तेच शांतपणे म्हणाले, "म्हणजे आता नोकरीतल्या काळाचा कसलाच वैद्यकीय पुरावा नाही. छाती तेव्हापासून खराब होती, हे अर्जदाराने सिद्ध करावं."
गायकवाडांचा वकील तरुण आहे. कागद चाळत राहिला. चाळण्यासारखं काही नव्हतं त्यात.
पुढची तारीख.
बाहेर गायकवाड वहिनींनी माझा हात धरला. "तुम्ही खरं बोललात, बस." मला ते ऐकवेना. खरं बोलून मी त्यांचं काय भलं केलं?

२६ नोव्हेंबर, बुधवार
लेखी खुलासा मागितलाय. अंतर्गत माहिती परवानगीशिवाय बाहेर दिली म्हणून. अर्काइव्हचा पासवर्ड बदलला. नवीन मुलगा शेजारी बसून मलाच विचारतोय, मॅम हे कसं उघडायचं.
रेवती बाथरूममध्ये भेटली. "मला पण कळायला हवं होतं गं, एवढं स्टेबल कोण असतं?" बाहेर आल्यावर तिने ओळख दाखवली नाही.
भोईरने गावात सांगितलंय. सकाळपासून गेटवर माणसं येतायत, आमचा रिपोर्ट द्या. सिक्युरिटी सांगते, मेल करा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
दुपारी गायकवाडांचा फोन. त्यांना नव्या मशीनवर फुंकायला सांगितलंय, सरकारी दवाखान्यात. "आत्ताचा येईल मॅडम. आत्ता वाईट आहे हे तर कुत्रंपण सांगेल. तेव्हाचा कुठून आणू?"
मी म्हटलं, नर्सकडे जाते पुन्हा, घरी. भोईरच्या गावातले लोक बोलायला तयार आहेत, तुमच्या वकिलाला त्यांना भेटायला सांगा. बोलतच सुटले. ते ऐकत होते, मधे मधे खोकत होते, फोन बाजूला धरून, मला ऐकू जाऊ नये म्हणून.
मग म्हणाले, अजिबात न रागावता, "आधी माझ्याकडे निदान खोटा रिपोर्ट तरी होता. आता तोपण नाही."
पुढे त्यांनीच विचारलं,
"तारखेला याल ना?"
येते म्हटलं. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. मंजूर प्रधान सरांनीच करायचाय.