लिलावाआधीच व्यापारी

सिंदी, मंगळवार संध्याकाळ

चालला! प्रोग्राम चालला!

उद्या नालवाडीच्या जावा प्रोग्रामिंगच्या क्लासमध्ये तो दाखवायचा आहे. नाही चालला तर सर मला नव्या बॅचमध्ये पहिल्यापासून बसवणार. या वयात? मुळीच नाही.

विषय मीच निवडला, कापूस बाजार. कापसाची गाडी नोंदवली की प्रोग्राम ती घेणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव शोधायला जायचा आणि तिथेच बंद पडायचा. नाव जातं कुठे? दुपारभर शोधलं.

सून चहा घेऊन आली. "आई, काऊन चिडून राह्यल्या त्या लॅपटॉपवर?"

"व्यापाऱ्याचं नाव देत नाही मेला."

"त्याले काय विचारता? आपला तं ठरलेलाच आहे नं!"

ठरलेला! आमचा कापूस वर्षानुवर्षं एकच व्यापारी घेतो, म्हणून गाडी बाजाराच्या फाटकात शिरताच मी त्याचं नाव मागत होते. पण प्रोग्राममध्ये व्यापाऱ्याची नोंद असते लिलावाच्या नोंदीच्या आत आणि लिलावाची गाडीच्या नोंदीच्या आत. लिलावच झाला नसेल तर आत काय सापडणार? आधी लिलाव झाला का ते तपासलं, मगच नाव मागितलं. पडद्यावर आलं, "लिलाव बाकी". मी चक्क टाळी वाजवली.

उद्या सरांनी सर्वांत आधी मला बोलवावं. नाही बोलावलं तर मीच उठेन.