सदाची कंबर, माझ्या गोळ्या

१४ फेब्रु. २००४
थंडीने कंबर धरली. पुण्याच्या डॉ.चं ऐकतो आता. सुजेची गोळी पोटभर जेवून, तेवढ्याने भागलं नाही तर जोडीला ट्रॅमाडॉल. दोन्हींची जात वेगळी, म्हणून त्यांनी एकत्र दिल्यात. सुजेच्याच दोन प्रकारच्या मात्र कधी नाही. गेल्या साली घोडेगावच्या डॉ.ची एक नि जुन्नरची एक, दोन्ही सुजेच्याच घेत बसलो. पोटात रक्तस्राव, काळी शौच, रक्त चढवावं लागलं. ट्रॅमाडॉल चालू तोवर दारू नाही, मोटरसायकल नाही.
हे सगळं सदामुळे. सख्खा चुलतभाऊ. यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटात मी बैलांपुढे जू आवळत होतो, ह्याने कासरा सोडला. गाडा माझ्या अंगावरून गेला. नंतर जिंकल्याचा फेटा बांधून घेत सगळ्यांना सांगत होता, "त्योच मधी आला." दवाखान्यात फिरकलाही नाही.

३ मार्च
कांद्याची गोण उचलताना सदाची कंबर गेली. वाकून चालतोय. ओट्यावर बसून पाहिलं, मुद्दाम दुसरा चहा मागवला. लई बरं वाटलं.

९ मार्च
सदाची बायको तारा आली. "भावजी, तुमच्या गोळ्यांनी गुण येतो म्हनं. दोन द्या की."
दिल्या नाहीत. त्याच्या बघू म्हटलं. तिने पदराची गाठ सोडली. डायक्लोफेनॅक नि आयबुप्रोफेन, दोन डॉ.च्या. दोन्ही सुजेच्या.
"उपाशीच घेत्यात. भूक न्हाई म्हनत्यात."
एका वाक्याचं काम होतं. "घेऊ दे," म्हणालो.

१० मार्च
कुसुम विचारते, "ताराला नीट सांगितलंत ना?" बायकोशी खोटं बोललो, हो म्हटलं. जेवण गेलं नाही. तरी सांगणार नाही. आधी त्याने यावं, ह्या ओट्यावर बसावं नि म्हणावं, बैल मी सोडले. मग बघू.

१५ मार्च
सकाळीच तारा रडत दारात. "भावजी, डांबरावानी व्हतंय त्यांना. उठलं की चक्कर."
काठी घेऊन गेलो. सदा पांढराफटक. दोन्ही गोळ्या बंद कर, जीप बोलाव, मंचरला ने, पाकिटं डॉ.ला दाखव, सगळं एका दमात सांगितलं. दया वगैरे काही नाही. मेला तर वदवून घेणार कुणाकडून?
जीपमध्ये चढवताना कानाशी लागलो. "बैल कुणी सोडले?"
डोळे मिटलेले. "तूच मधी आलतास, राव."
हरामखोर.
ताराने जाता जाता कुसुमला विचारलं, "भावजी तर घेऊ दे म्हनले व्हते ना गं?" तेव्हापासून कुसुम बोलत नाही. ताट वाढून ठेवलंय. जेवल्याशिवाय गोळी घेता येत नाही, आणि घास उतरत नाही. कंबर ठणकतेय.
वाचला पाहिजे. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय सोडणार नाही त्याला. अंधार पडला, जीप अजून परतली नाही.