महालक्ष्म्यांच्या गोळ्या

२९ ऑगस्ट
सासूबाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "ऐन महालक्ष्म्यांत बाजूला बसशील. गोळ्या आण." आणल्या. मेडिकलवाल्याला काही सांगावं लागत नाही. "त्योहारवाली ना, भाभीजी?" म्हणतो आणि कागदात गुंडाळून देतो. पाळी पुढे ढकलायला दर वर्षी घेतेच. आजपासून सुरू.
हे येतायत सूरतहून. इथली मिल बंद पडल्यावर तिकडे कापडाच्या लूमवर लागले. होळीनंतर आत्ताच.

५ सप्टेंबर
महालक्ष्म्या उठल्या. हे सकाळच्या बसने गेले. पुरण, सोळा भाज्या, सवाष्ण, सगळं पार पडलं. मुलगी भोपाळला हॉस्टेलवर, तिला सुट्टी नव्हती. घरात सासूबाई, मी आणि उरलेली आंबील.
जूनमध्ये कॉपर-टी काढून घेतली. रक्त फार जायचं. तेव्हा डॉ. बाईंनी निरोध वापरायला बजावलं होतं. परवा यांनी विचारलंही, "पाकीट कुठंय?" मी म्हटलं, राहू द्या, गोळ्या चालू आहेत की.
खरं लिहायचं तर उठून कपाट उघडावंसं वाटलं नाही. इतक्या महिन्यांनी कुणी जवळ घेतलं होतं.

१३ सप्टें.
गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत येते. अजून नाही.
सासूबाई: "अजून बसली नाहीस?" मी पोळ्या लाटत राहिले. त्या स्वतःच म्हणाल्या, "गेली असेल. माझीही अशीच गेली. सुटलीस."
दिवसभर त्या 'सुटलीस'ला धरून होते. संध्याकाळी मळमळ. की भास?

१७ सप्टें.
पलासियाला, डॉ. बाईंच्या दवाखान्यात. आजूबाजूला सगळ्या पोटुशा मुली. मला बघून एकीने जागा दिली, "आओ आंटी."
सगळं सांगितलं. डॉ. बाईंनी पेन खाली ठेवलं.
"टीचरजी, वो गोली तारीख आगे सरकाने की है. बच्चा रोकने की नहीं."
मी म्हटलं, हार्मोन तर दोन्हींत असतं...
"पढ़ी-लिखी औरतें यही करती हैं. त्योहार की गोली, और समझती हैं काम हो गया."
वय त्रेचाळीस, आता काय राहतंय, असं विचारलं. तर म्हणाल्या, या वयात पाळी चुकते म्हणूनच घोळ होतो, बीज कधी सुटेल भरवसा नाही. लघवीची तपासणी केली. ती नाही म्हणते, पण फार लवकर केलीय, आठवड्याने परत.
नववीला जीवशास्त्र शिकवते मी. प्रजननाचा धडा 'घरून वाचून या' म्हणून सोडते. सगळ्याच सोडतात. म्हणून काय झालं?

२० सप्टें.
शाळेजवळच्या एस.टी.डी. बूथवरून सूरतला. सुपरवायझरने बोलावून आणलं यांना. मागे लूमचा आवाज, ओरडून सांगावं लागलं, तेही अशी गोष्ट. बूथवाला पाठ करून बसला, देव त्याचं भलं करो.
"मजाक करतेस का? गोळ्या चालू होत्या ना?"
"त्या तसल्या नव्हत्या. चुकलं माझं."
तेही ओरडून, "असलं तर काढून टाकू. टेन्शन नको घेऊ."
काढून टाकू. दोघांनी मिळून पडदे काढल्यासारखं. टेबलावर मी एकटी असणार.

२५ सप्टें.
दुसरी तपासणीही नाही म्हणते. आणि दुपारी, तिसऱ्या तासाला, आली. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. देवा.
घरी आल्यावर सासूबाईंनी सतरंजी कोपऱ्यात टाकली, ताट लांबून सरकवलं. आज त्या कोपऱ्याचा राग आला नाही. रडले. सुटल्याचं रडू की दुसरं काही, ठरवता येईना. क्षणभर, अगदी क्षणभर, कुणीतरी येणार असं वाटलं होतं का मला?

१ ऑक्टो.
डॉ. बाई. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या माझ्या बी.पी.ला नकोत. कॉपर-टी नको, पुन्हा रक्त जाईल. माझं ऑपरेशन करायचं तर आधी हिमोग्लोबिन वाढायला हवं. "सबसे छोटा ऑपरेशन साहब का है. लेकिन उसके बाद भी तीन महीने निरोध, और जाँच में साफ़ आए तब छुट्टी." मग हसून, "साहब मानेंगे?"

४ ऑक्टो.
बूथ. नसबंदीचं विचारलं यांना.
"आणीबाणीत मिलमधून लोक नेले होते, आठवतं? नंतर मिलमध्ये आमच्या खात्यात त्यांना काय काय नावं ठेवायचे. मीही हसायचो." मग हळू, "मिल गेली. आता हेही?"
शंभर माणसांसमोर कामावरून घरी पाठवलेला माणूस. त्याच्याकडे हे मागणं न्याय्य आहे का? पण पुन्हा ते भीतीचे दिवस मी काढायचे, हे कुठे न्याय्य आहे? फोन ठेवताना म्हटलं, ऑपरेशन होईतो मी सासूबाईंच्या खोलीत झोपेन. रागाने नाही म्हटलं. रागाने नव्हतंच का?

१५ ऑक्टो.
आज यांनीच निरोप ठेवला होता, बूथवर ये. आवाज पडलेला.
"गेलो होतो इथल्या सरकारी दवाखान्यात. बाकावर सगळ्या बायका. खिडकीतल्या बाईने मोठ्याने विचारलं, काम काय? सांगितलं. ती म्हणाली, बसा, बोलावतील. चहा पिऊन येतो म्हटलं."
"मग?"
"मग काय. अजून चहाच पितोय."
मला हसू फुटलं. बूथवाला वळून बघायला लागला. तिकडे हेही हसत होते. मिल बंद पडल्यापासून यांचं हसू ऐकलं नव्हतं.
"परत जाल?"
"बघतो."
"मी येऊ सोबत? रजा टाकते."
त्यावर म्हणाले, "दिवाळीला येऊ ना घरी?"
स्वतःच्या घरी यायचं विचारत होते. या, म्हटलं. कुठल्या खोलीत झोपणार ते यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.