बटणवरचा आळ

१८ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार

चि. धाकट्या,

तुला, तुझ्या राणीसाहेबांना आणि आमच्या चिमणीला पोटभर आशीर्वाद. इथे आई, मी आणि बटण असे तिघंही ठणठणीत आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरातलेच झालेत, त्यांची वेगळी खबर काय द्यायची!

पत्र बघून घाबरू नकोस. सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मी फोन घेऊन बाल्कनीत गेले की आई मागोमाग येते आणि कपडे वाळलेत का ते चाचपत उभी राहते. तिची नजर अधू झाली असेल, कान मात्र अजून पहाऱ्यावर असतात. म्हणून समोर कवळीचा एक वरचा जबडा पॉलिशला लावायचा सोडून लिहायला बसले आहे. ज्यांचे दात आहेत ते थांबतील. नाहीतरी सध्या पेजेवरच आहेत.

नव्या घराचं ऐकून फार बरं वाटलं. स्वतःचं घर, त्यात कुत्र्याला कुणी नाही म्हणणारं नाही, हे तर फारच छान. चिमणीने बटणसाठी बिछाना तयार केलाय, त्यावर स्वतः झोपून बघितलंय, हे ऐकून आई खूप हसली. रविवारी तू त्याला न्यायला येणार आहेस, तेव्हा त्याची झोपण्याची आणि शी-शूची सगळी पद्धत लिहून पाठव म्हणालास. आणि तुझ्या बायकोचा खास प्रश्न: नव्या गाद्या आहेत, हा अजून गादीवर करतो का? करत असेल तर त्याला रात्री बाल्कनीत ठेवावं लागेल. तिचं काही चुकलं नाही. मीही तेच विचारलं असतं.

तर आधी झोपण्याचं. तू त्याला इथे टाकून गेलास तेव्हा तो एवढासा होता, माझ्या चपलेत मावेल असा. पहिल्या रात्री त्याला स्वयंपाकघरात खोक्यात ठेवलं, तर त्याने असा गळा काढला की खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई काठीने छत ठोकायला लागल्या. मग खोकं माझ्या कामाच्या टेबलाखाली आणलं. तिथे साहेब शांत झोपले. सकाळी कळलं का ते! मेणात बसवलेला एक अख्खा जबडा ओढून नेऊन त्यावर स्वतःचे दात उमटवून ठेवले होते. दातांच्या डॉक्टरांना मी सांगितलं, मेण वितळलं. काय सांगणार, की तुमच्या पेशंटची कवळी कुत्रा घालून झोपला होता?

शेवटी आईनेच त्याला तिच्या खोलीत नेलं. 'हे ध्यान घरात नको' म्हणणारी तीच, बरं का. जुन्या कपाटाचा तो खण, जो कधी नीट बसायचाच नाही, तो तिने पलंगाशेजारी जमिनीवर ठेवला, त्यात तिचा राखाडी स्वेटर घातला, आणि तेव्हापासून तीच त्याची जागा. तो स्वेटर मी बरोबर देईन. धुऊ नका, वास गेला तर झोपणार नाही. आई झोपेत हात खाली सोडते आणि तो तिच्या बोटांवर हनुवटी टेकून पडतो. तुमच्याकडे चिमणीचा पलंग खाली असेल तर जमून जाईल. तिचा हात पुरेल का तेवढा बघ.

आता दुसरं खातं. संध्याकाळी जेवण, त्याबरोबरच पाणी, मग गल्लीत लाँड्रीच्या पुढच्या खांबापर्यंत फेरी. त्याला प्रत्येक खांब हुंगायचा असतो, घाई करू नकोस. घाई केली की तो रुसतो आणि काही न करता घरी येतो. रात्री तीन जिने उतरणं आम्हा दोघींना झेपत नाही, म्हणून आमच्या बाथरूममध्ये कमोडशेजारी एक पसरट ट्रे आहे, त्यात वर्तमानपत्रं. रात्री तो तिथेच करतो.

इथे एक गंमत आहे, ती आधीच सांगते, म्हणजे तू त्याला ओरडणार नाहीस. तो रात्री एकटा करत नाही. शेजारी कमोडवर कुणीतरी बसावं लागतं. माणूस नुसता दाराशी उभा राहिला तर हा ट्रेमध्ये उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत बसतो, 'तुम्ही आधी' म्हटल्यासारखा. माणूस बसला की हाही बसतो. दोघांचं एकदमच उरकतं. एकदा आईला ताप होता म्हणून मी त्याला नेलं, तर मला उगाच त्या थंडीत बसून राहावं लागलं, तेव्हा कुठे महाराजांनी कृपा केली.

हसलास ना? मीही हसले असते, पण हे कसं झालं ते आता सांगावंच लागेल. मघापासून इकडचं तिकडचं लिहून मी तेच टाळत होते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

रात्री त्याला मधे उठवावं लागतं असं मी तुला फोनवर म्हणाले होते. ते खोटं. कुत्र्यांच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय की तो आता मोठा झाला, सकाळपर्यंत आरामात थांबू शकतो. थांबतोच. मीच माझ्या खोलीत गजर लावते, आईच्या खोलीत जाते आणि त्याचा खण हलवते. तो बिचारा डोळे मिटलेलेच ठेवून उठतो. मी म्हणते, 'आई, बटणला जायचंय, माझे हात कवळीच्या प्लास्टरने भरलेत, तू नेतेस का?' अशा वेळी कुणाचे हात प्लास्टरने भरतात रे? पण आई उठते. त्याला घेऊन जाते. दार लावून घेते. आणि तिथे गेलीच आहे तर तीही बसते.

आलं का लक्षात?

तो इथे आला त्याच्या आधी आईला उन्हाचा त्रास होऊन दवाखान्यात ठेवलं होतं, आठवतं? ऊन वगैरे काही नव्हतं. तिने पाणी पिणंच सोडलं होतं. दुपारनंतर घोटभरही नाही. का, ते मला चादरींवरून कळलं. डॉक्टरांनी तेव्हा रात्री घालायच्या मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट दिलं. आईने ते उघडलंसुद्धा नाही, माझ्या कामाच्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाली, 'हे कुणाचं तरी चुकून आपल्याकडे आलंय.' रात्री तिला उठवायला गेले तर म्हणायची, 'मी काय लहान आहे?' आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. माझ्याशी बोलणंही तुटक झालं.

मग हा आला. पिल्लूच ते, रात्रीतून कुईकुई करायचं, आणि त्याच्यासाठी आई न सांगता उठायची. तिच्या चादरी कोरड्या राहायला लागल्या. ती पाणी प्यायला लागली. मला वाटलं, सुटलो.

पण पिल्लू मोठं झालं आणि रात्रभर झोपायला लागलं. त्यानंतर एका सकाळी उठून बघते तर आईने चादर स्वतः धुऊन दोरीवर टाकलेली. मी विचारायच्या आत म्हणाली, 'बटणने केलं गादीवर.'

धाकट्या, त्या रात्री सारख्या विजा चमकत होत्या म्हणून बटण घाबरून माझ्या खोलीत आला होता. सकाळपर्यंत माझ्या पायाशी होता.

मी काय करणार होते? त्याच्याकडे बोट करून मोठ्याने म्हटलं, 'मेल्या, लाज नाही वाटत?' त्याने कान पाडले आणि खणात जाऊन बसला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'जाऊ दे गं, मुकं जनावर आहे.' नंतर असं पुन्हा झालं, पुन्हा झालं. तुझा फोन आला तेव्हा आई ऐकत होती, म्हणून मी तुलाही तेच सांगितलं, चांगलं ठासून. तुझ्या बायकोच्या मनात जे बसलंय ते तिथून. त्यानंतर मी गजर लावायला लागले आणि सगळं सुरळीत झालं.

माझा धंदाच असा आहे, की काम चांगलं झालं तर ते कुणाला कळता कामा नये. घरातही तेच चाललं होतं. मला वाटायचं, मी फार हुशारीने चालवलंय.

तुझा निरोप मी काल दुपारी आईला सांगितला. ती जमिनीवर बसून ट्रेसाठी वर्तमानपत्रं फाडत होती आणि बटण फाडलेले तुकडे पळवत होता. रविवारी तू येणार, त्याला नेणार, हे ऐकून ती म्हणाली, 'न्यायलाच हवं. पोरीचा आहे तो.' थोडा वेळ फाडत राहिली. मग मी बाल्कनीचं सांगितलं. मी खरं तर ते सांगणार नव्हते, बोलण्याच्या ओघात निघून गेलं.

तिचे हात थांबले. 'बाल्कनीत? का?'

'गाद्या नव्या आहेत ना.'

बटण तिच्या मांडीवर चढून कागद चावत होता. तिने त्याच्या तोंडातून तो काढून घेतला.

'लिही सूनबाईला,' ती म्हणाली, 'बटणने गादी कधीच ओली केली नाही. एकदासुद्धा नाही.'

मी म्हटलं, 'आई, मग ते विचारतील...'

'विचारू देत. विचारलं तर सांग. माझे दिवस कसेही निघतील, त्याला तर अजून सगळं आयुष्य त्या घरात काढायचंय. माझा आळ घेऊन त्याने थंडीत झोपायचं का?'

ती पुन्हा कागद फाडायला लागली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'आणि रात्री त्याला उठवा म्हणून लिहू नकोस. झोपू देत. त्याला कुठे गरज असते!'

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. माझे ते प्लास्टरचे हातही.

मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. तोंड धुऊन बाहेर आले तर ती बटणला सांगत होती, 'तुझी आत्या डोळ्यांत साबण घालून घेते, वेंधळी कुठली.' चिमणीची आत्या ती त्याचीही आत्या, असं तिचं नातं. काल रात्री गजर झाला तेव्हा मला वाटलं, आता कुठल्या तोंडाने जाऊ? तर मी दाराशी पोचायच्या आत ती पलंगावर उठून बसली होती. म्हणाली, 'चला बटणराव, तुमची वेळ झाली.' आणि त्याला घेऊन गेली. दार लावून घेतलं. म्हणजे आमचं दोघींचं ठरलं, न बोलता, की हे असंच चालू ठेवायचं.

म्हणून आता मुद्द्याचं. बटणला नेऊ नकोस.

आई असं कधी म्हणणार नाही. उलट तू आलास की ती स्वतः त्याचा स्वेटर घडी करून पिशवीत घालेल. तिचं ऐकू नकोस, माझं ऐक. तो गेला तर ती पुन्हा पाणी सोडेल, एवढं मला कळतं. आणि तिला उठवायला माझ्याजवळ दुसऱ्या कुणाचं नाव नाही.

तुम्ही तिघं या मात्र नक्की. चिमणीला वाटेल तेवढे दिवस राहू दे, खणाशेजारी गादी घालते. हे पत्र बायकोला वाचायला दे, आईची तशी परवानगी आहे, आणि बटणचं नाव तिच्यापाशी स्वच्छ व्हायला हवं. चिमणीला देऊ नकोस. तिने हौसेने बिछाना केला, तिचं मन मोडणार, ते मला कळत नाही असं समजू नकोस. तिने कारण विचारलं तर सांग, आत्याने कुत्रा बळकावला, देतच नाही म्हणते. रडली तर रडू दे, माझ्या नावाने हवं तेवढं रडू दे. आजीचं नाव मधे येऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
आणि चिमणी मोठी होईपर्यंत, तिची दुष्ट आत्या