डावखुऱ्याचा कोपरा

मी, रोलां वासेल, वय शहात्तर, आयफेल टॉवरचा निवृत्त रंगारी, टॉवरच्या दक्षिण पायासमोरच्या बाकावर बसून पूर्ण शुद्धीत हे लिहितो. अक्षर थरथरले आहे ते आनंदाने. नोटरीबाईंनी दुसरा अर्थ काढू नये. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द.

१. इव्रीचे घर मुलगी ओदीलला. स्वयंपाकघराचा रंग बदलू नये. तो टॉवरचा उरलेला आहे. कसा उरला ते विचारू नये.

२. माझा गोल ब्रश नात लुसीलला. ती आत्ता दुसऱ्या मजल्याखाली पट्ट्याला लटकून तुळई रंगवते आहे. सकाळपासून मी दुर्बीण लावून वर पाहतो आहे, मान मोडली तरी बेहत्तर. तुळयांत गुंतलेल्या तुळया, रिव्हेटांच्या रांगा, आणि मधोमध आमची पोर. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

३. 'गास्तों ब्रियाने माझ्या अंत्ययात्रेत पाऊल ठेवू नये' हे जुने कलम विशेषकरून रद्द. १९९५ साली याच तुळईवर आम्ही दोघे जोडीने होतो. मुकादमाला खालून तळव्याएवढी जागा कोरी दिसली. मी शपथेवर सांगितले, गास्तोंने सोडली. त्याला काढून टाकले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

आज लुसीलने नेमका तोच कोपरा सोडला, जोडपट्टीच्या उजवीकडचा, मागचा. ती माझ्यासारखी डावखुरी आहे. लटकलेल्या डावखुऱ्याचा ब्रश तिथे वळतच नाही. जोडीदार ओरडला, तेव्हा तिने ब्रश उजव्या हातात घेऊन कोपरा भरला. गास्तों उजव्या हाताचा. म्हणजे चूक माझी होती, आणि हे कळायला मला सत्तावीस वर्षे लागली.

४. सबब माझी दुर्बीण गास्तोंला. शवपेटीला पुढून उजवा खांदाही त्यानेच द्यावा.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाही, माझे हस्ताक्षर पुरते. मला मात्र एक हवा होता, म्हणून फोन केला. गास्तों वीस मिनिटांत आला, सगळे वाचले.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी बायको यव्हेत इस्पितळात होती. दोघांतल्या एकाची नोकरी जाणारच होती, गाढवा. दुर्बीण आण इकडे, पोरीला बघतो. तू मरेपर्यंत थांबू काय?"

दुर्बीण दिली. कलम चारमधून ती वगळावी. खांदा राहू द्यावा.

पॅरिस, १३ मे २०२२
रोलां वासेल (डाव्या हाताने)
साक्षीदार: गास्तों ब्रिया. सही नंतर करतो म्हणतात. सध्या वर पाहत आहेत.