दोनदा वजा केलेली गाडी

आप्पा, आज वर्गात सहामाहीचे पेपर वाटले. एका मुलीचे मी दोन गुण कापले होते, ती विचारायला आली. घसाऱ्याचं गणित होतं. तिनं यंत्राच्या कर्जाचा सगळा हप्ता खर्चात धरला होता आणि वर त्याच यंत्राच्या झिजेचा घसाराही खर्चात धरला होता. म्हणजे एकाच यंत्राची किंमत तिनं दोनदा वजा केली आणि चांगला चालणारा धंदा तोट्यात दाखवला. दरवर्षी कुणीतरी ही चूक करतंच. त्या चुकीला दोनच गुण आहेत, जास्त कापता येत नाहीत. मी तिला समजावून सांगितलं आणि घरी आल्यावर ह्या उरलेल्या कोऱ्या पुरवणीवर तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. त्यातली बरीचशी वर्षं मी इंदापुरात पोरांना हिशोब शिकवते आहे, आणि तुमचा हिशोब मात्र तुम्हाला खरा सांगितला नाही.

तुम्ही मालाची गाडी आणली तेव्हा मी नववीत होते. आजोबांची शेवटची मेंढरं आणि आईच्या पाटल्या विकून पहिली रक्कम भरली, बाकीचे अठ्ठेचाळीस हप्ते. गाडी जुनीच होती, पण तुम्ही तिला नवा रंग दिला आणि पुढच्या काचेवर पेंटरकडून माझं नाव लिहून घेतलं. मला विचारलं नव्हतं. अंथुर्ण्याच्या वस्तीवरची पोरं मला बघितलं की तोंडानं हॉर्न वाजवायची. हंगामात ऊस, हंगाम संपला की साखरेची पोती नाहीतर डाळिंब घेऊन मुंबई, आणि काहीच नसलं की पळसदेवची मासळी. मासळीचा वास चार दिवस तुमच्या अंगाला यायचा आणि आई तुम्हाला ओसरीवर वाढायची. क्लीनर ठेवला नाही, पगार वाचतो म्हणून. ड्रायव्हर ठेवला नाही, तोही पगार वाचतो म्हणून. तुमचा स्वतःचा पगार कुठं लिहायचा, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाच नाही. बारामतीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ड्रायव्हर लोक बाहेर बाकड्यावर बसत आणि मालकांना आत खुर्ची मिळे. तुम्ही दोन्ही होतात. पण आतून ‘मालक, या’ अशी हाक आली की शर्ट झटकून उठायचात. हे मी पाहिलेलं नाही, तुम्हीच सांगितलंत, जेवताना, निदान शंभर वेळा.

त्या खुर्चीचं भाडं आम्ही भरत होतो. खेप ठरली की निम्मे पैसे हातात, निम्मे माल उतरल्यावर तीन आठवड्यांनी, तेही दलाली कापून. डिझेल रोख, टायर रोख. वर्षाचं आरटीओचं पासिंग आलं की दिवे, हॉर्न, रंग आणि ज्याला त्याला चहापाणी. पावसाळ्यात दोन महिने गाडी लिंबाखाली उभी असायची, हप्ता काही उभा राहत नव्हता. मग आई लोकांच्या उसात खुरपायला जायची आणि तिचा रोजगार तुम्ही सकाळी पिठाच्या डब्यामागून काढून घ्यायचात. ती भाकरी थापत असायची. तिला दिसायचं, तुम्हाला माहीत असायचं की तिला दिसतंय, आणि मला दोघांचा राग यायचा.

दहावीला पहिला वर्ग मिळाला म्हणून मामानं मला सायकल दिली होती. वस्तीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत तीन किलोमीटर. सायकल होती म्हणून बारामतीची पहिली गाडी मिळायची आणि कॉलेजचा पहिला तास चुकायचा नाही. अकरावीच्या दिवाळीनंतर एकदा मामाकडून घरी आले तर सायकल नव्हती. मागचा टायर गेला होता, जुन्यावर रबर चढवलेला रिमोल्ड टाकायचा होता, तेवढ्यासाठी तुम्ही ती विकली. मी अंगणात उभी राहून रडत होते. तुम्ही गाडीखाली आडवे होतात. तिथूनच म्हणालात, “तुला पाय हायत की. गाडीला कुठनं आणू?” बाहेर येऊन बघितलंही नाहीत. ते वाक्य मी वर्षभर जपून ठेवलं.

मग सत्त्याण्णवचा दसरा आला. त्याआधी आठवडाभर तुम्ही तुमची खेपांची डायरी माझ्यापुढं टाकली होती. बारावीला आहेस, काढ गाडीचा हिशोब, म्हणालात, शिक्षणाचा काय उपयोग होतो ते तरी बघू. मी मन लावून काढला. आडव्या-उभ्या रेघा मारून, फुलस्केप कागदावर. दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून पूजा झाली. मामा आला होता, वस्तीवरची चार माणसं होती, पळसदेवचा तुमचा तो मासळीच्या गाडीवाला दोस्तही होता. तुम्ही नवी टोपी घातली होती आणि मोठ्या खुशीत होतात. “सांग की गं,” म्हणालात, “यंदा गाडीनं किती कमावलं ते. पावण्यांना बी कळू दे.” तुम्हाला माझा अभिमान वाटत होता, आप्पा. ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरीही मी उभी राहिले.

वर्गात वाचतात तसं वाचलं, शीर्षकासकट. भाडं एवढं, डिझेल एवढं, टायर, विमा, टॅक्स, दलाली, हप्ते बहात्तर हजार, घसारा चाळीस हजार. शेवटी कागद खाली धरून म्हणाले, “गाडी वर्साला चौदा हजारानं तोट्यात हाय, आप्पा. दुसऱ्याच्या गाडीवर असता तर म्हैन्याला बावीसशे तरी आलं असतं. तुमी मालक न्हाय. फुकटचं डायवर हाय.” मामानं पानाचं तबक उगाच सरळ केलं. आई आतून आली, वाचता येत नसताना तिनं कागद दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाली, “म्हंजी माझं खुरपणं बी ह्याच चाकात गेलं.” आणि हसली. मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. तुम्ही एवढंच विचारलंत की घसारा म्हणजे काय. वस्तू झिजते त्याचे पैसे, मी म्हटलं. तुम्ही हार घातलेल्या गाडीकडं बघितलंत. “झिजती तर खरी,” म्हणालात. दुसऱ्याच दिवशी पिंपळीच्या एका शेटना निरोप गेला. त्यांच्या तीन गाड्या होत्या आणि चौथी हवी होती. बुधवारी बघायला येतो, असं त्यांनी कळवलं.

सोमवारी मी तो कागद कॉलेजात अकाउंटच्या सरांना दाखवायला नेला. शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही. सरांनी दोन मिनिटं बघितलं आणि लाल पेनानं दोन आकड्यांभोवती गोल केले. “एकच गाडी दोनदा विकत घेतलीस की तू,” म्हणाले. हप्त्यातलं मुद्दल खर्चात धरायचं नसतं, व्याज तेवढं धरायचं. झीज घसाऱ्यात आलीच. त्यांनी कोऱ्या कागदावर पुन्हा मांडून दाखवलं. चौदा हजार तोट्याच्या जागी चौतीस हजार नफा आला. ड्रायव्हरच्या पगारापेक्षा जास्त. शिवाय हप्ते सातच उरले होते. उन्हाळा संपला की महिन्याचे ते सहा हजार घरातच राहणार होते, गाडी तुमची होणार होती आणि ती खुर्चीही. वडलांना आजच सांग, सर म्हणाले. मी हो म्हणाले.

माझ्याजवळ दोन दिवस होते. परत येताना एसटीत मी वाक्य जुळवत होते: आप्पा, माझी जरा चूक झाली. घरी आले तर तुम्ही ओसरीवर माझी वाट बघत थांबला होतात. शेटशी काय बोलायचं, किती मागायचं, हे मला विचारायचं होतं तुम्हाला. आणि आईनं त्या दिवशी तुमच्याआधी माझं ताट वाढलं. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं होतं. तुम्ही ताट माझ्याकडं सरकवलंत. मी जेवले.

बुधवारी शेट आले. तुम्ही भोळेपणानं माझा कागद, सरांच्या लाल गोलांसकट, त्यांच्यापुढं ठेवलात. त्यांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचला. तीन गाड्यांच्या मालकाला त्यातलं काय कळायचं ते कळलं. पोरगी लई हुशार हाय तुमची, असं म्हणून त्यांनी त्याच कागदावर बोट ठेवून भाव पाडला. तोट्यातली गाडी तुम्हीच म्हणताय, मग जास्त कशी देऊ? उरलेले सात हप्ते ते भरणार आणि वर पस्तीस हजार. गाडीवर ड्रायव्हर म्हणून तुम्हालाच ठेवणार, बावीसशे पगार आणि भत्ता. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी मान हलवली.

काचेवर त्यांना त्यांच्या मुलीचं नाव टाकायचं होतं. माझं नाव तुम्हीच खरडायला बसलात, दाढीचं पातं आणि रॉकेलचा बोळा घेऊन. मी पाण्याची कळशी धरून खाली उभी होते. निम्मं नाव निघाल्यावर तुम्ही मागं न बघता विचारलंत, “हिशोब बराबर हाय न्हवं?”

“व्हय,” मी म्हणाले.

उरलेलं निम्मं तुम्ही खरडलंत. का, असं तुम्ही विचाराल. सायकलीमुळं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, आणि ते ऐकायला बरं वाटतं. पण सायकलीचा राग दसऱ्यालाच फिटला होता. मला बरोबर राहायचं होतं, एवढंच. त्या घरात माझं कुणी ऐकत नव्हतं, आता ऐकत होते, आणि ते सगळं एका चुकीच्या बेरजेवर उभं होतं.

त्याहून वाईट म्हणजे आमचं बरं चाललं. पगार एक तारखेला यायचा. माझी फी वेळेवर भरली गेली, आईचं खुरपणं सुटलं, घरात गॅस आला. तुम्हीच तेवढे ओसरलात. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आता बाहेरच्या बाकड्यावर बसायचात. एकदा कारकुनानं सवयीनं ‘मालक, या’ म्हटलं, तुम्ही सवयीनं उठलात आणि बाकड्यावरची सगळी माणसं हसली. हेही तुम्ही जेवताना सांगितलंत, हसत. आई हसली, मीही हसले. दुसऱ्या हंगामात, भर दुपारी, कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांच्या रांगेत तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकलंत. पुढची रांग सरकली तरी गाडी हलेना, तेव्हा मागच्यांनी हॉर्न वाजवले. बराच वेळ नुसते हॉर्नच वाजवले. शेटनी त्या महिन्याचा अकरा दिवसांचा पगार घरी पाठवला. बारावा दिवस धरला नाही, कारण त्या दिवसाचा ऊस वजनकाट्यावर गेला नव्हता. तीच गाडी पुढं त्यांच्याकडं नऊ वर्षं चालली.

दहाव्याला पळसदेवचा तो मासळीवाला आला. तो मला मुद्दाम भेटायला बसून राहिला. माझा कागद तुम्ही लायसन्सबरोबर पाकिटात ठेवला होता आणि रांगेत जो भेटेल त्याला काढून दाखवत होतात, हे मला त्याच्याकडून कळलं. माझ्या पोरीनं काढलाय, म्हणायचात. त्यानंही मग तसाच आपल्या गाडीचा हिशोब मांडला आणि गाडी विकली. आता एका शेटच्या गाडीवर होता. “तुझ्यामुळं वाचलो बघ, बाई,” तो म्हणाला. मी बरं झालं म्हणाले आणि त्याला चहा दिला. तुम्ही तो कागद आणखी किती जणांना दाखवलात, ते मला माहीत नाही. विचारायला तुम्ही नव्हतात, आणि असता तरी विचारलं नसतं.

आई पलीकडच्या खोलीत शेंगा फोडत बसली आहे. आल्या-गेल्याला ती अजून सांगते, ह्या पोरीनं एका कागदावर घर सावरलं. म्हणून ही पुरवणी घरात ठेवता येणार नाही. उद्या शाळेत नेऊन रद्दीच्या पेपरांत घालीन, तिथं कुणी काही वाचत नाही.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. दोन गुण गेले म्हणून तिचं तोंड एवढंसं झालं होतं. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, अगं, एका मुलीनं हीच चूक वडलांच्या गाडीच्या हिशोबात केली होती. मग तिचं काय झालं, तिनं विचारलं. ती त्या वर्षी कॉलेजात पहिली आली, मी म्हटलं. ते खरंच आहे. पोरगी हसली आणि पेपर घेऊन गेली. वडलांचं काय झालं, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं, आप्पा, तरी मी खोटंच सांगितलं असतं.