आपांना शहर दाखवताना

अल्माती, ११ मार्च १९९६

ती. थोरले मामंजी यांस,

कामशातचा वाकून सलाम. वि. वि.

हे पत्र रेल्वेच्या डब्यात चहा देणाऱ्या बाल्झियाच्या हाती पाठवते आहे. टपालाचा भरवसा नाही, आणि पूर आल्यापासून तुमच्याकडचा फोन मुका आहे. तो चालू असता तरी ही गोष्ट तारेवरून बोलायची माझी हिंमत झाली नसती.

सासूबाईंच्या, आपल्या आपांच्या, डोळ्याची पट्टी काल सुटली. नजर छान आली आहे. माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. पण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलंय की अजून काही आठवडे त्यांनी वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही, नाहीतर आलेला डोळा जाईल. मी आधी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून मनसोक्त रडून घेतलं, मग आत जाऊन त्यांना कोट घातला.

त्या इथे ऑपरेशनच्या टेबलावर होत्या आणि तिकडे त्यांचा धाकटा घोडे ओलांडून नेताना नदीच्या बर्फाखाली गेला, हे मला अजून खरं वाटत नाही. निरोप मिळताच माझे हे मातीला तिकडे आले. आपांना मी सांगितलंय की कारखान्यानं यांना बाहेरगावच्या कामावर पाठवलंय. त्यावर त्या म्हणाल्या की निदान निरोप घेऊन तरी जायचं.

मामंजी, आपांना घरात ठेवणं कठीण झालंय. बातमी शहरातल्या भाऊबंदांत पसरली आहे. काल यांची चुलतबहीण आली, ती जिन्यापासूनच गळा काढणार होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवून तिला खालूनच परत पाठवलं. दुखवट्याला आलेल्या माणसाला कोणत्याही सुनेनं असं हाकललं नसेल. म्हणून विनंती करते, मला सांगू द्या. मी त्यांच्यासमोर चहा ओतते आणि खोटं बोलते. मुलाला माती दिली जात होती आणि सून हसून साखर पुढे करत होती, असं उद्या कळल्यावर त्या माझं तोंड तरी पाहतील का?

रागावलात तरी अंतर देऊ नका.

आपली सून,
कामशात


कोक्सेंगिर, १५ मार्च

चि. सौ. कामशात हिला ओस्पानचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. बाल्झियानं ते आणि वर तुझ्याबद्दल तिचं मत, दोन्ही दिलं. म्हणते की पोरगी निम्मी झाली आहे. जेवत जा.

तू विचारलेल्याचं उत्तर नाही असं आहे. तू सांगायचं नाहीस. मरणाची बातमी घरच्या थोरल्यानं समोर बसून सांगायची, आधी इकडचं तिकडचं बोलून, शब्द जुळवून, ऐकणाऱ्याला धरायला माणूस शेजारी बसवून. हा नुसता रिवाज म्हणून सांगत नाही. तुझे सासरे गेले ते मला भर बाजारात एका दोर विकणाऱ्यानं सांगितलं, दोर कापता कापता. आज माझा भाऊ आठवायला गेलो की आधी त्या माणसाचा चेहरा पुढे येतो. बिबिगायशाच्या वाट्याला तसं काही येऊ द्यायचं नाही, एवढं माझं म्हातारपणचं काम शिल्लक आहे. ते माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

पण बर्फ फुटला आणि पूल गेला. नावेतून टपालाची पिशवी येते, मी नाही. तुझा नवरा माझ्याकडेच आहे. सातवा पार पडला. तो दिवसभर भावाच्या घोड्यांना खरारा करतो. पूल उभा राहिला की दोघं निघू.

तोवर तिला घरात बसवू नकोस. ऋतू पालटला आहे, शहर एवढं मोठं आहे. सुट्टीला गावी येता तेव्हा तुम्हीच सांगता ना की तिकडे पाहायला दिवस पुरत नाहीत? मग दाखव की. डोंगरावर जाणारी पाळण्याची गाडी आहे, बर्फावर घसरणारी माणसं आहेत, गाण्याचं थिएटर आहे. तिला दमव. दमलेलं माणूस प्रश्न कमी विचारतं. फक्त तिला घसरायच्या जागी उभी करू नकोस, ती खरंच घसरायला जाईल.

आमच्या घराची लाज तुझ्या पदरी आहे, ती नीट सांभाळ.

तुझा,
ओस्पान


अल्माती, २३ मार्च

ती. थोरले मामंजी यांस,

कामशातचा वाकून सलाम. वि. वि.

तुमच्या हुकमाप्रमाणे शहर पालथं घालते आहे. शाळेत मी आजारी असल्याचं कळवलंय, आणि आजारी बाई पाळण्यात बसून डोंगरावर गेली. वरून खालचं शहर पाहून आपा म्हणाल्या की एवढ्या माणसांना दूध कुठून पुरतं? मेदेऊच्या बर्फाच्या मैदानावर घसरणारी पोरं पाहिली. रस्त्यांच्या कडेचे पाट साफ होऊन त्यांत डोंगराचं पाणी सोडलंय, झाडांच्या बुंध्यांना चुना लावलाय, आणि प्रत्येक कोपऱ्यावर बायका रानातली पहिली फुलं घेऊन बसल्या आहेत. आपा प्रत्येकीपाशी थांबतात. मी मात्र फुलं पाहतच नाही. समोरून येणाऱ्या गर्दीत आपल्या गावचा चेहरा आहे का, तेवढं पाहते. दुखवट्याचे हात पसरून कोणी एक बाई पुढे आली की सगळं संपलं.

आता जे घडलं ते सांगते. बाजारात आपांना भावजींसाठी बूट घ्यायचे होते. त्याच्या पायात काय आहे ते मला आजवर नीट दिसलंच नव्हतं, आता डोळा आलाय, असं म्हणाल्या. दुकानदारानं माप विचारलं. आपा मोठं माप सांगत होत्या, मी लहान. आणि वाद घालता घालता मी म्हणून गेले की सागिंदिकचा पाय एवढा मोठा नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्यांना शिट्टीभावजी म्हणत आले. सासरच्या पुरुषाचं नाव तोंडून जाऊ दिलं नाही. त्यांनी किती छळलं होतं त्यासाठी. एकदा नाव घे, शिंगरू तुझं, असं म्हणायचे. आणि ते नाव मी दुकानात सगळ्यांदेखत घेतलं. कसं गेलं कळत नाही. रोज मनातल्या मनात त्यांच्यासाठी दुवा मागताना नावच घ्यावं लागतं, त्यानं जीभ सैल झाली असेल. आपांनी वळूनही पाहिलं नाही. दुकानदाराला म्हणाल्या की मोठेच दे, लोकरीचे मोजे घातले की बसतील. ऐकलं नसावं. दुकानात गोंगाट होता.

तेव्हापासून त्यांना भलतीच हौस चढली आहे. काल मी थकून घरी जाऊ म्हटलं तर त्यांना लाकडी चर्च पाहायचं होतं, मग सर्कशीची जाहिरात पाहून सर्कस. आज म्हणतात की फळबागा फुलल्या की तिकडे नेशील का. मी त्यांना दमवणार होते, त्या मला दमवताहेत.

परवा नौरीझच्या, नव्या वर्षाच्या, मेळ्यात मात्र सगळं संपलंच होतं. आपल्या गावची झैनेकुल समोरून आली, चेहरा रडका, हात पसरलेले. मी दोघींच्या मध्ये शिरणार तोच आपांनीच पुढे होऊन आपल्या हातातला लापशीचा वाडगा तिच्या हातांत दिला आणि मोठ्यानं विचारायला लागल्या की शेळ्या व्याल्या का, किती झाल्या, जुळी किती. ती बिचारी वाडगा सांभाळत शेळ्यांचंच बोलत राहिली. बरं झालं आपांना बोलायची हौस आहे. मला मात्र आता हे झेपत नाही, मामंजी. लवकर या.

चुकले त्याबद्दल पदरात घ्या.

आपली,
कामशात


कोक्सेंगिर, २७ मार्च

चि. सौ. कामशातला आशीर्वाद. वि. वि.

पूल उभा राहिला. आम्ही दोघं पाच तारखेला शुक्रवारी सकाळी तुझ्या दारात येतो. तोवर डॉक्टरीणबाईंची मुदतही संपते. तिला सांग की म्हातारा गुडघे दाखवायला येतोय, पुतण्या वाटेत भेटला.

नाव गेलं ते गेलं, त्याचा घोर करू नकोस. शब्द मी रोज जुळवतो आहे. घोड्यांना ऐकवून पाहतो. अर्ध्यावर येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पण शुक्रवारपर्यंत जमेल.

थोडं आणखी ओढ, पोरी.

तुझा,
ओस्पान


अल्माती, ३० मार्च

वडीलधारे थोरले भावजी यांस,

बिबिगायशाचा पदर पुढे घेऊन सलाम. वि. वि.

पाकिटावर काय लिहावं हा प्रश्न पडला. तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, आता लिहू कसं? बाल्झियाला नुसतं म्हणेन की थोरल्या घरी दे. बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या हातानं लिहिते आहे, अक्षर गोड करून घ्या.

कामशातला यातलं काही बोलू नका. ती फुलं आणायला खाली गेली आहे, तेवढ्यात लिहिते. भावजी, मला कळलंय. तिनं सांगितलं नाही. तिनं बुटांच्या दुकानात त्याचं नाव घेतलं. त्यानं इतकी वर्षं आमिषं दाखवली, खोड्या काढल्या, तरी जे नाव तिच्या तोंडून कधी बाहेर आलं नाही, ते तिथं इतक्या मायेनं आलं की जिवंत माणसाचं नाव असं कोणी घेत नाही. मी दुकानदाराकडेच पाहत राहिले. तिच्याकडे पाहिलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं, आणि ते सांगणं तुमचं आहे. मेळ्यात झैनेकुलचा चेहरा पाहिला आणि उरलीसुरली आशाही गेली. कसा गेला ते मला ठाऊक नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच ऐकेन.

मातीला मला बोलावलं नाही याचा राग नाही. माझे डोळे तेव्हा बांधलेले होते, बोलावणार कोणाला? पण तुम्ही बोलाल तेव्हा माझ्या डोळ्यासाठी एक शब्दही कमी करू नका. त्याच्या बापासाठी बोलला होतात तेवढंच त्याच्यासाठी बोला. मी रडेन. डॉक्टरीणबाईंना काय म्हणायचं ते म्हणू दे.

कामशातला वाटत असेल की नंतर मी तिचं तोंड पाहणार नाही. तिचं तोंडच तर पाहते आहे सगळे दिवस. गर्दीत माझ्यापुढे चालते, कोंबडी पिलांपुढे चालते तशी. तुम्ही सगळ्यांसमोर सांगा की या सुनेनं घर राखलं. माझ्याच्यानं बोलवणार नाही तेव्हा.

मी पोरीला फार पळवते आहे, हे मला कळतं. सर्कस, चर्च, फुलबाग, जे दिसेल ते मागते. एकेक गोष्ट पाहताना मनात जुळवत जाते की घरी गेल्यावर त्याला हे कसं सांगायचं, कुठे तो हसेल. अजून जुळवता येतं, कारण अजून मला कोणी काही सांगितलेलं नाही.

आजवर जशी माया केलीत तशी करा, आणि एवढं एक ऐका. शुक्रवारी येणार असं कामशात म्हणाली, गुडघे दाखवायला. जरूर या. पण गाडी लवकर मिळाली आणि गुरुवारीच पोचलात, तर स्टेशनाजवळ कुठेतरी मुक्काम करा. शुक्रवारपर्यंत मला दोन मुलगे आहेत.

तुमची भावजय,
बिबिगायशा